राखेची पिशवी

वाघांब्यातून निघालो तेव्हा पाच वाजले होते,
म्हणजे घड्याळात. आभाळात अजून काहीच वाजलं नव्हतं.
चिंतामण गावीत पुढे, कानाला मफलर, पायात रबरी चपला,
मी मागे, नव्या बुटांत, दोन स्वेटरांत, एकसष्टाव्या वर्षात.
त्याच्या हातात काठी नव्हती.
दुधाची रिकामी पिशवी होती, गाठ मारलेली,
आत रात्रीच्या शेकोटीची राख.
विचारलं नाही. वाटलं, वरच्या देवाला असेल.

साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत वारा
दोन्हीकडून येतो आणि माणसावर येऊन भांडतो.
गवत पांढरं पडलेलं. दहिवर नव्हे, त्याच्या पुढचं.
पाय पडला की पापडासारखं मोडायचं.
निफाडला बागांत आज धूर केला असेल, मी म्हणालो.
करू द्या, तो म्हणाला. तुम्ही पायाकडं बघा.

मग पायऱ्या.
डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काही नाही.
कड्यातून झिरपणारं पाणी रात्री जिथल्या तिथं थांबलेलं,
काच होऊन.
विजेरीत ती दिसतच नव्हती.
दगड जरा ओला वाटत होता, एवढंच.

सातपूरला एकतीस वर्षं मी शाफ्ट घासले.
मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा इकडचा तिकडे झाला
की अख्खी बॅच परत यायची;
बोटांना तेव्हापासून वाचायची सवय.
हातमोजा काढून पायरीवर बोट फिरवलं.
अर्धा मिलिमीटर. फार तर पाऊण.
एवढ्यावर माणूस दरीत जातो.
टॉलरन्स शून्य, मी मोठ्यानं म्हणालो.
चिंतामणला वाटलं, मला चक्कर येतेय.

तरी पाय टाकलाच. रिटायर झालेल्या माणसाला
कुणी थांब म्हटलं की थांबवत नाही.

बूट सुटला.
गुडघा कुठं आपटला ते नंतर कळलं.
बोटं मात्र एका खोबणीत जाऊन बसली.
कुठल्या शतकात, कुठल्या पाथरवटानं,
किती मजुरीवर कोरली असेल,
माझ्या चार बोटांच्या नेमक्या मापाची!
त्या जॉबवर इन्स्पेक्शनचा शिक्का
मी तिथल्या तिथं मारला, लोंबकळत.

चिंतामण ओरडला नाही.
दोन पायऱ्या खाली आला, माझी कॉलर धरली,
दुसऱ्या हातातल्या पिशवीची गाठ दातांनी सोडली
आणि राख टाकली, चिमटीचिमटीनं,
महागाची वस्तू असल्यासारखी.
पायरीला एक चिमूट. कडेला दोन.
"घाई असेल तर राखेवरून चला.
नसेल तर बसा. नऊला ऊन येतं.
त्याला पैसे पडत नाहीत."

बसलो. दरवाज्याच्या आडोशाला,
गूळ खात, गुडघा चोळत.
त्याची पोरगी कळवणला नर्सिंगला आहे.
पहिल्या दिवशी रक्त बघून तिलाच भोवळ आली,
पेशंटनं पाणी पाजलं,
हे तो दोनदा सांगून दोनदा हसला.
समोर सालोटा आडवा, म्हणून उजेडाला उशीर.
आधी डोक्यावरचा कडा तांबूस झाला,
मग ऊन एकेक पायरी खाली उतरत आलं,
कुठंही न घसरता.
काच आधी घामेजली, मग वाहू लागली,
राख तिच्याबरोबर काळी होऊन गेली.
मी मनात पाचशे आकडे मोजले. मग सोडून दिले.

वर टाक्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात
अजून एक पापुद्रा तरंगत होता.
चिंतामणनं तो अलगद मोडला, उन्हाला लावला,
त्यातून माझ्याकडे एक डोळा मिटून बघितलं.
"घ्या. मोजा."
हात खिशाकडे गेला.
मायक्रोमीटर तर सही करून कंपनीत जमा केलेला.
अंगठा आणि तर्जनीत धरला, डोळे मिटले:
दोन मिलिमीटर. दीड.
एक.
मग नुसतेच माझे अंगठा आणि तर्जनी, ओले,
एकमेकांना लागलेले.

मागं वळलो तर तो
उरलेल्या राखेला पुन्हा गाठ मारत होता.
उतरताना लागेल, म्हणाला.
त्या बाजूला ऊन येत नाही.